अर्धवट राहिलेला व्हिडिओ ड्राफ्ट शोधावा कसा आणि पूर्ण करावा कसा

२९ जून २०२० रोजी टिकटॉकवर भारतात बंदी आली आणि त्या ॲपमध्ये ‘नंतर पाहू’ म्हणून ठेवलेले अर्धवट व्हिडिओही तिथेच अडकले. त्याच वर्षी जुलैमध्ये इन्स्टाग्रामचे रील्स आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबचे शॉर्ट्स आपल्याकडे सुरू झाले. खान्देशातील अहिराणी विनोद, लग्नातली गाणी, केळीबागेची माहिती आणि चुलीवरचा स्वयंपाक हे सारे हळूहळू तिकडे वळले. ॲप बदलले तरी एक सवय मात्र कायम राहिली. चित्रीकरण हौसेने करायचे, मध्येच पाहुणे आले किंवा वीज गेली की ‘सेव्ह ड्राफ्ट’वर बोट ठेवायचे आणि पुढे तो व्हिडिओ कुठे गेला हे शोधत बसायचे. इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि फेसबुक या तीन ठिकाणी असा ड्राफ्ट कसा शोधावा आणि तो प्रसिद्ध करण्याजोगा कसा करावा, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. ॲपची आवृत्ती आणि फोन यांनुसार बटणांच्या जागा थोड्या इकडेतिकडे होतात. फोनची भाषा मराठी ठेवली असेल तर ‘ड्राफ्ट’ऐवजी ‘मसुदा’ असेही दिसू शकते.

आधी एवढे ठरवा: ड्राफ्ट फोनमध्ये आहे की खात्यात?

शोधायला सुरुवात करण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर हवे, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर अवलंबून आहे. बहुतेकांचा समज असा असतो की इन्स्टाग्रामवर काहीही ‘सेव्ह’ केले की ते कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि कोणत्याही फोनवरून खाते उघडले की पुन्हा मिळते. प्रसिद्ध केलेल्या रीलच्या बाबतीत हे खरे आहे. ड्राफ्टच्या बाबतीत नाही. इन्स्टाग्रामवरील रीलचा ड्राफ्ट आणि यूट्यूब ॲपमध्ये तयार केलेल्या शॉर्टचा ड्राफ्ट हे दोन्ही ज्या फोनवर तयार झाले त्या फोनच्या साठवणुकीत राहतात. ॲप काढून टाकले की तेही जातात आणि नवीन फोनवर तेच खाते उघडले तरी तिथे दिसत नाहीत.

याउलट, संगणकावरून यूट्यूब स्टुडिओमध्ये (म्हणजे यूट्यूबवरील आपले व्हिडिओ सांभाळण्याच्या जागी) चढवलेला पण प्रसिद्ध न केलेला व्हिडिओ हा खात्यातला ड्राफ्ट असतो. तो भुसावळच्या घरच्या संगणकावरून चढवला असला तरी जळगावच्या कॉलेजातील संगणकावर त्याच खात्याने प्रवेश केल्यावर समोर येतो. फेसबुक पेजसाठी मेटा बिझनेस सूटमध्ये (पेजचे काम सांभाळण्याच्या साधनात) ठेवलेला ड्राफ्टही असाच खात्यात असतो.

म्हणून पहिली सूचना शोधाची नाही, थांबण्याची आहे. ड्राफ्ट सापडत नाही म्हणून ॲप काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला गल्लीतला कोणीही देतो, कारण इतर अनेक तक्रारींवर तो उपाय खरोखर चालतो. ड्राफ्टच्या बाबतीत मात्र हाच उपाय घात करतो. तसेच फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या माहितीत ‘क्लिअर कॅश’ आणि ‘क्लिअर डेटा’ (काही फोनमध्ये ‘क्लिअर स्टोरेज’) अशी दोन बटणे शेजारी असतात. कॅश साफ केल्याने तात्पुरत्या फाइल जातात, पण डेटा साफ केला की ॲप कोऱ्या पाटीसारखे होते आणि ड्राफ्ट पुसले जातात. खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत येणेही ड्राफ्ट हाती लागेपर्यंत टाळावे.

इन्स्टाग्रामवर शोध

खाली उजव्या कोपऱ्यातील आपल्या चित्रावर बोट ठेवून प्रोफाइल उघडा. तिथे छायाचित्रांच्या जाळीशेजारी रील्सचे चिन्ह असते. त्यावर गेल्यावर ड्राफ्ट असल्यास पहिल्याच चौकटीवर ‘ड्राफ्ट्स’ असे लिहिलेले दिसते. ती चौकट उघडली की साठवलेले सर्व अर्धवट रील्स एकत्र दिसतात. दुसरा मार्ग अधिक चिन्हातून जातो. नवीन रील तयार करण्याचा पडदा उघडल्यावर गॅलरीतील व्हिडिओंबरोबर तिथेही ‘ड्राफ्ट्स’चा पर्याय मिळतो. दोन्ही मार्गांनी पोचण्याचे ठिकाण एकच आहे, तरी एका ठिकाणी काही दिसले नाही तर दुसरीकडे अवश्य पाहावे.

रील, पोस्ट आणि स्टोरी यांचे ड्राफ्ट मात्र वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. छायाचित्रांच्या पोस्टचा ड्राफ्ट रील्सच्या चौकटीत येत नाही. तो नवीन पोस्ट तयार करण्याच्या पडद्यावर असतो. स्टोरीचा ड्राफ्ट स्टोरीच्या कॅमेऱ्यातून गॅलरी उघडल्यावर दिसतो आणि त्याला सात दिवसांची मुदत असते. सात दिवसांनी तो आपोआप नाहीसा होतो. कानबाई या खान्देशातील देवीच्या मिरवणुकीचा तुकडा स्टोरी म्हणून ठेवला होता की रील म्हणून, हे आठवत नसेल तर आधी स्टोरीकडे जावे, कारण घाई तिथे आहे.

ड्राफ्ट न दिसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण मात्र फारच साधे असते, ते म्हणजे खाते दुसरेच उघडलेले असते. एका फोनवर इन्स्टाग्रामची पाचपर्यंत खाती ठेवता येतात, आणि आपल्याकडे एकाच फोनवर स्वतःचे, दुकानाचे आणि गावच्या मंडळाचे अशी तीन खाती असणे काही नवल नाही. एका खात्यातून तयार केलेला ड्राफ्ट दुसऱ्या खात्यात दिसत नाही. प्रोफाइलच्या वरच्या भागातील नावावर बोट ठेवून प्रत्येक खात्यात आळीपाळीने रील्सची चौकट तपासा. फोन घरात दोघे-तिघे वापरत असतील तर चित्रीकरणाच्या दिवशी कोणते खाते चालू होते हे त्यांनाही विचारून घ्यावे.

यूट्यूबवरील दोन प्रकारचे ड्राफ्ट

यूट्यूबच्या मोबाइल ॲपमध्ये शॉर्ट तयार करताना मध्येच मागे फिरलो तर ‘ड्राफ्ट म्हणून ठेवायचे का’ असे विचारले जाते. हा ड्राफ्ट पुन्हा मिळवण्यासाठी खालच्या पट्टीतील अधिक चिन्ह दाबून शॉर्टचा कॅमेरा उघडा. रेकॉर्डिंगच्या पडद्यावरच ‘ड्राफ्ट्स’चा पर्याय असतो. स्वतःच्या व्हिडिओंच्या यादीतही ड्राफ्ट असल्याची पट्टी दिसते. हा ड्राफ्ट फोनमधला असल्यामुळे संगणकावर यूट्यूब स्टुडिओ उघडून तो शोधत बसण्यात अर्थ नाही.

स्टुडिओमधील ड्राफ्ट वेगळा. संगणकावर स्टुडिओ उघडून डावीकडील ‘कंटेंट’वर गेले की व्हिडिओंची यादी येते. ज्या व्हिडिओचे काम अपुरे राहिले आहे त्याच्यापुढे ‘ड्राफ्ट’ असे लिहिलेले असते आणि ‘एडिट ड्राफ्ट’ हे बटण असते. ते दाबल्यावर तपशील, व्हिडिओतील घटक, तपासणी आणि दृश्यता अशा चार टप्प्यांची खिडकी उघडते. पुष्कळ ड्राफ्ट पहिल्याच टप्प्यावर एका प्रश्नापाशी अडकलेले असतात. व्हिडिओ मुलांसाठी तयार केला आहे की नाही, याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि हा प्रश्न खिडकीच्या खालच्या भागात असल्यामुळे नजरेतून सुटतो. मुले व्हिडिओत दिसतात म्हणून तो ‘मुलांसाठी’ ठरत नाही. तो मुलांनी पाहावा या हेतूने केला आहे का, एवढेच पाहायचे असते. ‘होय’ म्हटल्यास त्या व्हिडिओखालील प्रतिक्रिया बंद होतात, त्यामुळे उत्तर विचार करून द्यावे. सायबर कॅफेतील किंवा कॉलेजातील संगणकावर हे काम केले असेल तर उठण्यापूर्वी खात्यातून बाहेर पडायला विसरू नये.

फेसबुकवर वैयक्तिक खात्याचे रील ड्राफ्ट नवीन रील तयार करण्याच्या पडद्यावर मिळतात. पेजचे काम पाहणाऱ्यांनी मेटा बिझनेस सूटमध्ये ‘कंटेंट’ विभागात जाऊन ड्राफ्टची यादी पाहावी.

तरीही सापडला नाही तर

आता ड्राफ्टचा नाद सोडून मूळ चित्रीकरणाकडे वळावे. ॲपच्या कॅमेऱ्याऐवजी फोनच्या कॅमेऱ्याने चित्रण केले असेल तर क्लिप गॅलरीत असण्याची शक्यता मोठी असते. गॅलरीत नसेल तर कचरापेटी पाहा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले व्हिडिओ हटवल्यानंतर ६० दिवस आणि अँड्रॉइड फोनवरील बॅकअप न झालेले ३० दिवस कचरापेटीत राहतात. आयफोनमध्ये ‘रिसेंटली डिलिटेड’ अल्बममध्ये ही मुदत ३० दिवसांची असते. चित्रीकरणात मदतीला असलेल्या भावाच्या फोनवरही काही तुकडे असू शकतात, किंवा घरच्या व्हॉट्सॲप गटावर त्यातला एखादा तुकडा पाठवलेला असू शकतो. व्हॉट्सॲपवरील व्हिडिओचा दर्जा उतरलेला असतो, पण अगदीच नसण्यापेक्षा तो बरा.

गूगल फोटोजमधील ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वापरला असेल तर क्लिप गूगल फोटोजमध्ये दिसते, पण प्रत्यक्षात ती फोनवर नसून खात्यात असते. अशा वेळी ड्राफ्ट उघडतो आणि त्यातला एखादा तुकडा काळा किंवा रिकामा दिसतो. ड्राफ्टने प्रत्येक क्लिपची स्वतःची प्रत ठेवलीच असेल असे धरून चालू नये. ती क्लिप गूगल फोटोजमधून पुन्हा फोनवर उतरवून घ्यावी आणि ड्राफ्टमध्ये नव्याने जोडावी.

उघडल्याबरोबर आधी प्रत काढा

ड्राफ्ट सापडला की लगेच काटछाट सुरू करण्याचा मोह आवरावा. संपादनाच्या पडद्यावर खाली जाणाऱ्या बाणाचे चिन्ह असते. त्यावर बोट ठेवले की व्हिडिओ गॅलरीत उतरतो. ॲपच्या संग्रहातील गाणे लावले असेल तर उतरलेल्या प्रतीत ते गाणे बहुधा येत नाही, कारण त्या गाण्याचा परवाना ॲपपुरता असतो. तुमचा स्वतःचा आवाज आणि जागेवरचे आवाज मात्र राहतात, आणि खरे मोल त्यांचेच असते. ही प्रत गूगल ड्राइव्हवर किंवा घरच्या संगणकावर टाकावी. गूगलच्या मोफत १५ जीबीमध्ये मेल, छायाचित्रे आणि फाइली या सगळ्यांचा समावेश असतो, त्यामुळे तिथली जागा आधी पाहून घ्यावी.

फोन दुरुस्तीला टाकण्यापूर्वी किंवा बदलण्यापूर्वी तर हे करायलाच हवे. दुरुस्तीत फोन मूळ स्थितीला आणला गेला तर ड्राफ्ट परत आणण्याचा मार्ग कोणाकडेही नसतो, दुकानदाराकडे नाही आणि कंपनीकडेही नाही.

पूर्ण करण्याजोगा आहे का, हे ठरवणे

प्रत्येक ड्राफ्ट पूर्ण करायलाच हवा असे नाही. प्रसंगाशी बांधलेले व्हिडिओ आणि कधीही चालणारे व्हिडिओ असे दोन ढीग केले की निर्णय सोपा होतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते. त्या गाण्यांचा व्हिडिओ त्याच आठवड्यात गेला तर लोक आपुलकीने पाहतात, दिवाळीत गेला तर कोणी ढुंकून पाहत नाही. पण तो टाकून द्यावा असेही नाही. प्रत काढून ठेवली तर पुढच्या वर्षी कानबाईच्या आधी चार दिवस ‘तयारी कशी करतात’ म्हणून तो उत्तम चालेल. आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) झोके, सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतील घोडेबाजार यांचेही तसेच आहे. दर्शकाला पुढच्या खेपेला उपयोगी पडेल अशी माहिती त्यात असेल तर ठेवावा, केवळ गर्दीच दिसत असेल तर मोह सोडावा.

भरिताची वांगी काड्यांवर भाजणे, केळीची कापणी, कळण्याची भाकरी थापणे हे व्हिडिओ शिळे होत नाहीत. मात्र त्यात भाव सांगितला असेल तर सावध राहावे. केळीचा भाव आठवड्यात बदलतो, आणि जुन्या भावाचा व्हिडिओ आज टाकला तर रावेर-यावलकडचे शेतकरी प्रतिक्रियांमध्ये खडसावल्याशिवाय राहणार नाहीत. तो तुकडा काढावा किंवा त्यावर चित्रीकरणाची तारीख ठळक लिहावी.

एक ड्राफ्ट हातात घेऊन पाहू

अमळनेरच्या माझ्या मामींच्या फोनमधील खापरावरच्या मांड्यांचा ड्राफ्ट उदाहरणाला घेतो, कारण त्यात बहुतेक ड्राफ्टांतील सगळे दोष एकत्र भेटतात. व्हिडिओ जवळपास तीन मिनिटांचा आहे. सुरुवातीला चूल पेटवणे, त्यात धूर, मग कोणाचा तरी ‘मोबाईल नीट धर ना’ हा आवाज, मग बराच वेळ पुरण आणि कणीक, आणि शेवटी जे पाहण्यासाठी माणूस थांबेल ते दृश्य: पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर घेऊन मामी ती कोपरापर्यंत फिरवत मोठी करतात आणि उलट्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडतात.

पहिले काम क्रम बदलण्याचे. इन्स्टाग्रामवर ड्राफ्ट उघडला की बऱ्याचदा थेट प्रसिद्ध करण्याचा शेवटचा पडदा येतो. तिथून ‘एडिट’वर किंवा मागच्या बाणावर गेल्यास तुकड्यांची पट्टी मिळते. मागचा बाण दाबल्यावर ‘डिस्कार्ड’ असे विचारले गेले तर त्यावर चुकूनही बोट पडू देऊ नये, कारण त्याने केलेला बदल जातो आणि काही वेळा ड्राफ्टही. पट्टीतील तुकड्यावर बोट दाबून ठेवले की तो उचलून पुढे-मागे नेता येतो. हातांवर फिरणाऱ्या मांड्याचे तीन-चार सेकंद सर्वांत आधी आणले, आणि मग चूल, पुरण, कणीक हा क्रम ठेवला. तुकडे तोडताना प्रत्येकाची दोन्ही टोके तपासली, कारण बटण दाबण्यापूर्वीची आणि दाबल्यानंतरची हलकी थरथर प्रत्येक क्लिपच्या टोकाला असतेच.

लांबीचा प्रश्न आता पूर्वीसारखा जाचक नाही. १५ ऑक्टोबर २०२४ पासून यूट्यूब शॉर्ट तीन मिनिटांपर्यंत चालतो आणि जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामनेही रीलची मर्यादा ९० सेकंदांवरून तीन मिनिटांवर नेली. ज्यांनी जुन्या मर्यादेत बसवण्यासाठी ड्राफ्ट कापून कापून अर्धवट सोडला होता त्यांनी तो पुन्हा उघडून पाहावा. तरीही तीन मिनिटे मिळतात म्हणून ती भरलीच पाहिजेत असे नव्हे. मामींचा व्हिडिओ सव्वा मिनिटात नीट बसला आणि कणकेचा भाग गेल्याचे कोणालाही जाणवले नाही.

आवाजाकडे सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे माझे मत आहे. खान्देशी व्हिडिओंचे निम्मे सौंदर्य बोलण्यात असते, आणि नेमके तेच गाण्याखाली दडपले जाते. आवाजाच्या पर्यायात मूळ आवाज आणि गाणे यांच्या पातळ्या वेगवेगळ्या कमी-जास्त करता येतात. बोलणे चालू असताना गाणे अगदी खाली न्यावे किंवा काढूनच टाकावे. धुराने खोकला आलेला, वाऱ्याने फरफरणारा किंवा मळणीयंत्राखाली दबलेला भाग असेल तर त्या तुकड्याचा आवाज बंद करून ‘व्हॉइसओव्हर’ने नव्याने बोलावे. हे करताना पंखा बंद ठेवावा आणि फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा. गोधडी-गाद्यांच्या खोलीत आवाज घुमत नाही. जुन्या ड्राफ्टमध्ये लावलेले गाणे दरम्यान संग्रहातून निघून गेलेले असू शकते. तसे झाल्यास ते उपलब्ध नसल्याची सूचना येते आणि दुसरे गाणे निवडावे लागते. खाते व्यवसायाचे करून घेतले असेल तर गाण्यांची निवड मर्यादित होते. मांडे विकणाऱ्या बचत गटाने हे ध्यानात ठेवून चित्रीकरणाच्या वेळीच स्वच्छ मूळ आवाज घ्यावा.

त्यानंतर अक्षरे. आपोआप उमटणाऱ्या उपशीर्षकांत अहिराणी ही भाषाच नाही, त्यामुळे यंत्र ती हिंदी किंवा मराठी समजून काहीतरी भलतेच लिहिते. अहिराणी संवाद असेल तर मुख्य वाक्ये स्वतः टाइप करावीत. पुण्या-मुंबईच्या दर्शकासाठी खाली मराठी अर्थ द्यायचा असल्यास एका वेळी एकच ओळ ठेवावी. अक्षरे पडद्याच्या तळाशी किंवा उजव्या कडेला ठेवू नयेत, कारण प्रसिद्ध झाल्यावर तळाशी खात्याचे नाव आणि मजकूर येतो आणि उजवीकडे पसंती व प्रतिक्रियांची चिन्हे येतात. संपादन करताना ती जागा मोकळी दिसते, म्हणून बऱ्याच जणांची अक्षरे नंतर झाकली जातात. मधल्या भागाच्या थोडे वर लिहिलेले सर्वत्र वाचता येते.

मुखपृष्ठ, म्हणजे कव्हर, हे सर्वांत शेवटी पण घाईने नको. व्हिडिओ उभा, ९:१६ प्रमाणाचा असतो, पण इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवरील चौकटी २०२५ पासून चौकोनी न राहता ३:४ अशा उभट झाल्या आहेत, आणि तिथे वरचा-खालचा भाग कापला जातो. ‘एडिट कव्हर’मध्ये जाऊन हातांवर पसरलेला मांडा चौकटीच्या मध्यभागी येईल असा क्षण निवडावा. मनासारखा क्षण नसेल तर गॅलरीतील स्वच्छ छायाचित्रही लावता येते. इन्स्टाग्रामवर कव्हर आणि मजकूर नंतर बदलता येतो, पण तुकडे आणि आवाज बदलता येत नाहीत. यूट्यूबवर शॉर्ट चढवताना कव्हरचा क्षण फोनवरच, चढवण्यापूर्वी निवडून घ्यावा.

मजकूर, ठिकाण आणि परवानगी

मजकुराच्या पहिल्या ओळीत व्हिडिओत काय आहे ते साध्या शब्दांत सांगावे, कारण ‘अधिक’ दाबल्याशिवाय पुढचे कोणी वाचत नाही. पदार्थाचे किंवा सणाचे नाव, गाव आणि तालुका लिहावा. नुसते ‘खान्देश’ लिहिण्यापेक्षा ‘अमळनेर, जि. जळगाव’ असे लिहिल्याने आसपासच्या लोकांना व्हिडिओ सापडतो. हॅशटॅग चार-पाच पुरेत. कानबाईची गाणी म्हणणाऱ्या बाया, शेतात काम करणारे मजूर किंवा दुसऱ्यांची मुले व्हिडिओत असतील तर प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यांना तो दाखवावा. ड्राफ्ट महिनाभर पडून राहिला असेल तर तेव्हा हसत होकार दिलेल्या माणसाला पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही.

चढवणे: नेटवर्क, ऊन आणि वेळ

इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये ‘मीडिया क्वालिटी’ या भागात सर्वोच्च दर्जाने चढवण्याचा पर्याय असतो. तो बंद असेल तर नेटवर्क कमकुवत असताना ॲप व्हिडिओचा दर्जा उतरवून चढवू शकते आणि केळीच्या पानांच्या शिरा पुसट होतात. फोनचा मूळ दर्जाही पाहावा. आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच लिहिलेले असते की १०८०पी आणि ३० फ्रेमला मिनिटाला सुमारे ६० एमबी लागतात, तर ४के आणि ६० फ्रेमला सुमारे ४०० एमबी. रील आणि शॉर्टसाठी १०८० बाय १९२० पिक्सेल पुरेसे होतात. त्याहून मोठे चित्रण जागा आणि डेटा दोन्ही खाते.

सातपुड्याच्या कुशीत, धडगावकडे, रेंज टिकत नसेल तर संपादन घरी पूर्ण करून चढवण्याचे काम शहाद्याला किंवा तळोद्याला बाजाराच्या दिवशी करावे. संपादनाच्या बऱ्याचशा कामाला नेट लागत नाही. गाणे निवडायला मात्र लागते. चढवणे सुरू झाल्यावर ॲप बंद करू नये, बॅटरी सेव्हर काढून ठेवावा आणि पट्टी शेवटापर्यंत जाऊ द्यावी. मे महिन्यात दुपारी हे काम टाळलेले बरे. ॲपल आपल्या फोनसाठी भोवतालचे तापमान ० ते ३५ अंश असावे असे सांगते आणि जळगाव-भुसावळचा पारा तेव्हा चाळिशी केव्हाच ओलांडतो. तापलेला फोन स्वतःचा वेग कमी करतो, आणि त्यात चार्जिंगला लावून संपादन केले तर मध्येच ॲप बंद पडू शकते. सकाळी लवकर किंवा रात्री जेवणानंतर काम हलके होते.

ठरलेल्या वेळी प्रसिद्ध करायचे असेल तर इन्स्टाग्रामच्या प्रोफेशनल खात्यावर ७५ दिवस आधीपर्यंतची वेळ लावून ठेवता येते. यूट्यूब स्टुडिओतही दृश्यतेच्या टप्प्यावर तारीख आणि वेळ निवडता येते. कानबाईच्या रविवारी घरात कोणालाच मोबाइल धरायला उसंत नसते, त्यामुळे शुक्रवारीच वेळ लावून ठेवणे शहाणपणाचे.

व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यावर तो दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर आवाजासकट पूर्ण पाहावा. चढवणाऱ्याच्या फोनवर सारे ठीक दिसते आणि इतरांना आवाजच येत नाही, असे गाण्याच्या परवान्यामुळे कधी कधी घडते. यूट्यूबवर चढवल्यावर सुरुवातीला चित्र अस्पष्ट दिसले तर लगेच काढून टाकू नये. उच्च दर्जाची प्रक्रिया मागाहून पूर्ण होते. हे सर्व नीट जुळले की मगच ड्राफ्टच्या चौकटीत जाऊन ‘सिलेक्ट’ने त्या व्हिडिओचे जुने, वगळलेले ड्राफ्ट हटवावेत आणि गॅलरीतील मूळ क्लिपपैकी ज्यांची प्रत ड्राइव्हवर गेली आहे तेवढ्याच काढाव्यात.